गोंदण, नथ आणि आम्ही

आमची नानी १९७८ साली वारली. सातारा जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावी पानाचे दुकान असलेल्या तांबोळ्याच्या घरातली ती बाई. मय्यतीला गुसल द्यायला मोहल्ल्यातल्या चार जणी आल्या. त्यांत एक नवी सून होती, शहरात वाढलेली, चार बुके शिकलेली. नानीच्या अंगावरची चादर सरकली तशी ती थबकली. नानीच्या दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत हिरवट निळे गोंदण होते. उजव्या हातावर कोयरी आणि तिच्याभोवती ठिपक्यांची वेल, डाव्या हातावर विंचू, हनुवटीवर एकच ठिपका. ती सून हळूच म्हणाली, "ये तो हराम है. ये लेके कैसे जाएगी?" त्या चौघींत जी सर्वांत वडील दादी होती तिने हातातला तांब्या खाली न ठेवता उत्तर दिले, "जैसी नमाज पढी वैसीच जाएगी. तू पानी डाल."

ही हकिकत अम्मीने आम्हाला नंतर सांगितली. सांगताना ती हसली नाही आणि रागावलीही नाही. तिच्या स्वतःच्या हातावर गोंदण नव्हते. नानीच्या दोन मुलींपैकी थोरलीला, म्हणजे आमच्या खालाला, गोंदले होते. धाकटीच्या, म्हणजे अम्मीच्या वेळी घरातल्या पुरुषांनी नको म्हटले. एकाच घरात, एकाच आईच्या पोटी, पाच-सहा वर्षांच्या अंतराने जन्मलेल्या दोन बहिणी. एकीचा हात निळा, दुसरीचा कोरा. आमच्या समाजात गेल्या शंभर वर्षांत काय घडले हे त्या दोन हातांवरून वाचता येते. हा लेख त्या दोन हातांबद्दल आहे.

गोंदणारीण

गोंदणे हा घरी करायचा उद्योग नव्हता. त्याला गोंदणारीण लागे. आमच्या भागात कैकाडी, कोरवी समाजाच्या बायका सुगीनंतर गावोगाव फिरत. काखेत झोळी, झोळीत सुयांची पुडी आणि काजळीची डबी. वाड्यापासून मोहल्ल्यापर्यंत कुठल्याही अंगणात ती बसे आणि भोवती बायका-पोरी जमत. तेलाच्या दिव्याची काजळी पाल्याच्या रसात कालवायची, तीन-चार सुया दोऱ्याने एकत्र बांधायच्या, काडीने हातावर आकृती काढायची आणि मग टोचत जायचे. पोरीला दुखू नये म्हणून गोंदणारीण गाणे म्हणे. रक्त पुसून वर हळद-तेल लावले की काम झाले. मजुरी म्हणजे सुपात जोंधळे, एखादे जुने लुगडे, आमच्या नानीच्या घरी वर पानाचा विडा.

गोंदण जात का नाही, याचे कारण साधे आहे. सुई वरच्या कातडीतून आत जाते आणि काजळीचे कण खालच्या थरात बसतात. वरची कातडी झिजते, नवी येते. खालचे कण तिथेच राहतात. रंग काळाच असतो, पण कातडीतून दिसताना तो निळा-हिरवा वाटतो. म्हणजे गोंदण कातडीवर नसते, कातडीखाली असते. वजू करताना पाणी त्याच्यावरून तसेच वाहते जसे कोऱ्या हातावरून वाहते. ही बारीक गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिच्यामुळेच एका बाईचा हात जायची वेळ आली.

गोंदणारीणीपाशी प्रत्येक घराच्या चालीप्रमाणे नक्षी असे. शेजारच्या मराठ्याच्या, माळ्याच्या घरात तुळस गोंदत, कृष्ण गोंदत, देवाचे नाव गोंदत. आमच्या बायका त्या वाटेला जात नसत. त्या कोयरी घेत, वेल घेत, चांदणी घेत, विंचू घेत, नुसते ठिपके घेत. कुणी शिकवले नव्हते, पण कुठे थांबायचे हे त्यांना ठाऊक होते. सुई एकच, काजळी एकच, अंगण एकच. नक्षी मात्र ज्याची त्याची. दख्खनमधल्या आमच्या शेजाराची याहून चांगली खूण आम्हाला दुसरी माहीत नाही.

गोंदून का घेत? एक तर शोभा. सोने अंगावर घालायची ऐपत नसलेल्या बाईचा हा दागिना. दुसरे, नजर लागू नये म्हणून. तिसरे कारण नानी सांगे, आणि तेच शेजारची पाटलीणही सांगे. मेल्यावर बांगड्या उतरवतात, बुगड्या उतरवतात, गळ्यातली काळी पोत काढून घेतात. सून, लेक, जाऊ वाटून घेतात. गोंदण तेवढे कुणाला उतरवता येत नाही. बाईच्या आयुष्यात तिचे स्वतःचे म्हणावे असे जे थोडे होते, त्यात हे एक होते.

आम्ही कुठून आलो

एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी मुंबई इलाख्याचे जिल्हावार गॅझेटियर छापले. सोलापूर आणि अहमदनगरचे १८८४ साली, पुणे आणि साताऱ्याचे १८८५ साली, कोल्हापूरचे १८८६ साली निघाले. जेम्स कॅम्पबेल त्यांचे संपादक. त्यांत तांबोळी, बागवान, अत्तार, पिंजारी, मणियार, बकर कसाब, मुजावर अशा आमच्या सगळ्या जमातींची नोंद आहे. लिहिण्याचा सूर वरून खाली पाहणाऱ्याचा आहे, तरी नोंद कामाची आहे. हे लोक घरात दख्खनी हिंदुस्थानी आणि बाहेर मराठी बोलतात, यांतल्या पुष्कळ जमाती इथल्याच हिंदू जातींतून आलेल्या आहेत, आणि कित्येक जण अजून सटवाई, मरीआई, म्हसोबा यांना मानतात, असे तिथे पुन्हापुन्हा आढळते. धर्मांतर कुणी केले, तर बहुतेक ठिकाणी औरंगजेबाचे नाव ठोकून दिलेले आहे. इतिहास इतका सोपा नव्हता. औरंगजेबाच्या जन्माआधी पावणेतीनशेहून अधिक वर्षे, १३३७ साली, हजरत बुऱ्हानुद्दीन गरीब खुलदाबादला दफन झाले होते. १३४७ साली बहमनी राज्य उभे राहिले. पीरांच्या दर्ग्यांनी, बाजारपेठांनी आणि लष्करी नोकऱ्यांनी जे काम शेकडो वर्षे हळूहळू केले, ते एका बादशहाच्या फर्मानाच्या नावावर टाकणे कारकुनाला सोयीचे होते, एवढेच.

या दृष्टीने पाहिले तर नानीच्या हातावरची कोयरी हा एक दस्तऐवज होता. आमच्याकडे शिजरा नाही, सनद नाही. कोणत्या साली, कोणत्या पीराच्या हातावर आमच्या पूर्वजाने कलमा पढला हे लिहून ठेवलेले नाही. धर्म बदलला, नाव बदलले, लग्नाची आणि मरणाची रीत बदलली. बायकांचे हात मात्र कित्येक पिढ्या गोंदणारीणीपुढे येत राहिले. कारण पुरुष मशिदीत गेला तरी बाई अंगणातच होती, आणि अंगण पूर्वीचेच होते.

खालाचा हात

खालाला नवव्या वर्षी गोंदले. नानीच्या मांडीवर बसवून. पुढे लग्न झाले, मुले झाली, पाच वेळची नमाज कधी चुकली नाही. १९८६ च्या रमजानात तिच्या मोहल्ल्यात बायकांसाठी बयान झाले. बाहेरगावाहून आलेल्या एका बाईंनी सांगितले की, गोंदलेल्या हाताला वजूचे पाणी पोचत नाही, म्हणून वजू होत नाही, म्हणून नमाज होत नाही. खाला त्या रात्री झोपली नाही. चाळीस वर्षांच्या नमाजा हवेत गेल्या, असे तिला वाटले. कुणाला न विचारता तिने चुना आणि धुण्याचा सोडा कालवला, तीळ-मस जाळायला वापरतात तसा, आणि हातावर थापला.

हात सुजला, पिकला. दोन महिने ती तालुक्याच्या डॉक्टरकडे जात होती. जखम भरली तेव्हा दोन बोटे नीट मिटत नव्हती. आणि कोयरी गेलीच नाही. निळी होती ती पांढरी झाली. जळालेल्या कातडीचा वण नेमका कोयरीच्या आकाराचा राहिला.

त्यानंतर कित्येक वर्षांनी आम्ही हा मसला समजून घ्यायचा प्रयत्न केला. जाणकारांना विचारले, भाषांतरे वाचली. जे कळले ते इथे मांडतो. आम्ही आलीम नाही. पण वाचलेले लपवणेही बरे नाही.

पहिली गोष्ट, गोंदण इस्लामला मंजूर नाही. याबद्दल वाद नाही. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत गोंदणारी आणि गोंदून घेणारी या दोघींवर लानत आल्याच्या हदिसी आहेत. त्यांतली एक हजरत अब्दुल्ला इब्न मसूद यांची. त्यांनी ही गोष्ट सांगितली तेव्हा उम्मे याकूब नावाची बाई त्यांच्याकडे आली आणि म्हणाली की, मी सगळे कुरआन वाचले आहे, मला त्यात हे कुठे आढळले नाही. त्यांनी तिला रागावून घालवले नाही. रसूल जे देतात ते घ्या आणि ज्यापासून रोखतात त्यापासून दूर राहा, या अर्थाच्या सूरे हश्रमधल्या आयतीचा दाखला दिला. तेवढ्यानेही तिचे समाधान झाले नाही. तुमच्या घरातही हे चालत असेल, असे ती म्हणाली, आणि त्यांनी तिला आत जाऊन पाहायला सांगितले. ती पाहून आली. तसे काही तिला आढळले नाही. चौदाशे वर्षांपूर्वी एक बाई आपल्या शरीराच्या प्रश्नावर मोठ्या सहाबींना उलट विचारते आणि तिला उत्तर मिळते. आमच्या खालाने मात्र कुणालाच विचारले नाही, कारण विचारता येते हेच तिला कुणी सांगितले नव्हते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. हुकूम येण्यापूर्वी ज्यांनी गोंदून घेतले होते त्यांचे काय? हजरत अबू बकर यांच्या पत्नी अस्मा बिंत उमैस यांच्या हातांवर गोंदण होते. कैस इब्न अबी हाझिम यांनी ते स्वतः पाहिल्याची नोंद तबरी यांनी केलेली आहे, आणि हे गोंदण मनाईच्या आधीचे असावे असा खुलासाही केला आहे. म्हणजे पहिल्या खलिफांच्या घरात गोंदलेला हात होता. तो कुणी चुन्याने जाळला नाही. त्याच हातांनी अस्मा यांनी पतीच्या मय्यतीला गुसल दिले, असे इतिहास सांगतो.

तिसरी गोष्ट फिकहची. दख्खनमधले आम्ही बहुतेक हनफी आहोत. कोकणातले आमचे भाऊ शाफई आहेत, कारण त्यांचे नाते अरबी समुद्रावरच्या व्यापाराशी आहे. गोंदणाच्या बाबतीत या दोन वाटांत फरक आहे. शाफई पंथाचे मोठे आलीम इमाम नववी तेराव्या शतकात होऊन गेले. गोंदताना काजळीबरोबर रक्त आत अडकते, म्हणून ती जागा नापाक होते आणि शक्य असेल तर गोंदण काढावे, असे ते सांगतात. पण लगेच पुढे अट घालतात. काढताना जीवाला, अवयवाला धोका असेल, अवयव निकामी होणार असेल किंवा उघड्या अंगावर विद्रूप व्रण राहणार असेल, तर काढणे बंधनकारक नाही. तोबा पुरेशी आहे. आणि लहान मुलीला गोंदले असेल तर गुन्हा गोंदणाऱ्या बाईचा, मुलीचा नाही, हेही त्यांनीच लिहून ठेवले आहे. पंधराव्या शतकातले इब्न हजर याच वाटेने जातात. हनफी वाट त्याहून सोपी आहे. १८३६ साली दमास्कसमध्ये वारलेले इब्न आबिदीन गोंदण हे कातडीत मुरलेल्या रंगासारखे मानतात. धुतले की ते पाक. त्यासाठी कातडी सोलायची गरज नाही.

म्हणजे खालाची नमाज चाळीस वर्षे होत होती. नवव्या वर्षी केलेल्या गोंदणाचा गुन्हा तिच्यावर नव्हताच. हात निकामी करून गोंदण काढावे असे सर्वांत कडक मत असलेल्यांनीही सांगितले नव्हते. तिचा हात धर्माने जाळला नाही. अर्धवट सांगितलेल्या धर्माने जाळला. सांगणाऱ्या बाईंची नियत वाईट नव्हती. त्यांनाही कुणीतरी अर्धेच सांगितले असेल. हुकूम वेगाने पोचतो, त्याच्याबरोबरची सवलत पोचायला फार वेळ लागतो.

कान आणि नाक

गोंदणावर इतकी चर्चा झाली, कान टोचण्यावर मात्र कुणी बोलत नाही. ईदच्या खुतब्यानंतर बायकांना सदका देण्यास सांगितले गेले तेव्हा त्यांनी कानातले आणि अंगठ्या काढून हजरत बिलाल यांच्या कपड्यात टाकल्या, अशी हदीस आहे. म्हणजे मदिनेतल्या बायका कानात दागिने घालत. तरी इमाम गझालींना मुलींचे कान टोचणे पसंत नव्हते. दागिन्यासाठी शरीराला जखम करायची गरज काय, असा त्यांचा आक्षेप होता. हनफी आलीमांनी परवानगी दिली आणि आमच्या घराघरांत सोनाराला बोलावून बारशापासून पोरींचे कान टोचले जाऊ लागले. टोचणे दोन्हीकडे आहे, रक्त दोन्हीकडे आहे. एक चालीत बसले, दुसरे बसले नाही.

नाकाची गोष्ट तर फारच गमतीची आहे. नथ म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे नऊवारीतली बाई उभी राहते. पण भांडारकर संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस नथीच्या इतिहासावर लेख लिहिला. जुन्या संस्कृत वाङ्मयात आणि जुन्या शिल्पांत नाकातल्या दागिन्याचा पुरावा मिळत नाही, तो इसवी सन १००० च्या सुमारापासून दिसू लागतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याच सुमारास अनंत सदाशिव आळतेकरांनीही आपल्या १९३८ च्या ग्रंथात हा दागिना मुसलमानांच्या आगमनानंतर इकडे रुळला असावा असे मत मांडले. नथ हा शब्द जुना, बैलाच्या वेसणीशी नाते सांगणारा. दागिना मात्र पश्चिमेकडून आलेला. पश्चिम आशियात तो फारच जुना आहे. बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात हजरत इसहाक यांच्या होणाऱ्या पत्नीला, रिबकेला, नाकातली सोन्याची नथ दिल्याचे वर्णन आहे.

गोडे आणि आळतेकर दोघेही पंडित होते. त्यांच्या म्हणण्यावर पुढे चर्चा होऊ शकते. पण त्यांचे म्हणणे खरे धरले तर गंमत पाहा. जे गोंदण "त्यांचे" म्हणून आम्ही चुन्याने जाळले ते आमच्या नानीचे होते. आणि जी नथ "आपली" म्हणून शेजारीण दिमाखाने मिरवते तिचा माग काढत गेले तर वाट आमच्या दारावरून जाते. दोन शेजारी एकमेकांचे दागिने अंगावर घालून, कुणाचे काय यावर भांडत उभे आहेत.

पुरुषांनीही कान टोचले. जहांगीर बादशहा १६१४ साली अजमेरला आजारातून उठला. ख्वाजा मुईनुद्दीन चिश्तींच्या कृपेने बरे वाटले म्हणून त्याने आपण त्यांचा गुलाम आहोत हे दाखवायला कान टोचून मोती घातले. त्याच्या आत्मचरित्रात ही नोंद आहे, आणि दरबारातल्या अमीर-उमरावांनीही पाठोपाठ कान टोचल्याचे तो लिहितो. गुलामाच्या कानात बाळी घालायची जुनी रीत होती. उर्दूत 'हल्का-ब-गोश' हा शब्दप्रयोग तिथूनच आला. इकडे महाराष्ट्रात भिकबाळी हा पुरुषाच्या कानाचा दागिना. त्याच्या नावातच भीक आहे. आमच्याकडे मूल जगत नसले की पीराच्या नावाने कान टोचत, मोहरममध्ये पोराला हिरवा दोरा बांधून इमाम हुसेन यांचा फकीर बनवत आणि पाच घरी मागायला लावत. नाक टोचून पोराचे नाव नथू ठेवणे दोन्ही समाजांत होते. मूल मरू नये म्हणून आईने काय काय केले असेल, ते धर्माच्या खान्यात मांडायला गेलो तर हाताला काही लागत नाही.

जबरदस्तीच्या खुणा

आतापर्यंत सांगितल्या त्या खुशीने घेतलेल्या खुणा. इतिहासात दुसऱ्याही खुणा आहेत. १७९७ साली ईस्ट इंडिया कंपनीने बंगाल इलाख्यात जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर गोंदायचा कायदा केला. नाव, गुन्हा, शिक्षेची तारीख आणि न्यायालय हे सारे देशी भाषेत कपाळावर टोचले जाई. पुढे मद्रास इलाख्यातही ही शिक्षा गेली. १८४९ साली ती रद्द झाली. इतिहासकार क्लेअर अँडरसन यांनी या विषयावर विस्ताराने लिहिले आहे. या शिक्षेचे नाव 'गोदना' असेच होते. ज्या सुईने आमच्या नानीच्या हातावर वेल काढली, तीच सुई सरकारच्या हातात गेली आणि माणसाचे कपाळ कारकुनाची वही झाले.

१९४७ साली तर याहून भयंकर झाले. फाळणीच्या हिंसाचारात पळवून नेलेल्या बायकांच्या अंगावर दुसऱ्या बाजूच्या घोषणा आणि धर्मचिन्हे गोंदली गेली. हे सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना झाले. उर्वशी बुटालिया, ऋतू मेनन आणि कमला भसीन यांनी १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकांत वाचलेल्या बायकांच्या हकिकती नोंदवल्या आहेत. १९४९ चा कायदा करून सरकारने बायका परत आणल्या. अंगावरची अक्षरे परत कशी घेणार?

आणि पुरुषांची खूण? सुंता ही आमच्या पुरुषांच्या अंगावरची एकच कायमची खूण. घरात ती आनंदाची गोष्ट असते. पोराला नवे कपडे घालतात, हार घालतात, पाहुणे येतात. तीच खूण १९४७ मध्ये आणि १९९२-९३ च्या मुंबईच्या दंगलीत रस्त्यावर कपडे उतरवून शोधली गेली. समोरच्याच्या मनगटावर ॐ गोंदलेला आहे की नाही हेही पाहिले गेले. ज्या खुणा आईबापांनी मायेने केल्या त्या जमावाने यादीसारख्या वाचल्या. नानीच्या काळात माणसाचा हात पाहून तो कोणत्या गावचा, कोणत्या घरचा हे ओळखत. आमच्या काळात त्याला सोडायचे की मारायचे हे ठरवू लागले. खूण बदलली नाही, वाचणारे बदलले.

इतर देशांतल्या नान्या

हा प्रश्न आमच्याच गावचा आहे असे आम्हाला बरीच वर्षे वाटत होते. तसे नाही. अल्जीरिया आणि मोरोक्कोतल्या अमाझीग म्हणजे बर्बर बायकांच्या हनुवटीवर, कपाळावर अशाच रेघा आणि ठिपके असत. तुर्कस्तानात उर्फा, मार्दिन या भागांतल्या कुर्द आणि अरब बायका याला 'देक' म्हणतात. तिथे काजळी मुलीच्या आईच्या दुधात कालवत. इराकमधल्या खेड्यांतही ही चाल होती. या सगळ्या कलमा पढणाऱ्या, रोजे ठेवणाऱ्या बायका. आता तिकडेही गोंदण फक्त म्हाताऱ्यांच्या अंगावर उरले आहे, आणि त्यांतल्या कित्येक जणी शेवटच्या दिवसांत घाबरून विचारतात की आमचे काय होणार. नानीची कोयरी आणि उर्फाच्या म्हातारीचे ठिपके एकमेकांना ओळखत नव्हते. भीती मात्र एकसारखी आहे.

आज

आज गोंदण पुन्हा आले आहे, पण टॅटू या नावाने. न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओरायली यांनी १८९१ साली विजेच्या गोंदणयंत्राचे पेटंट घेतले. त्याचीच भावंडे आमच्या जत्रांत बॅटरीवर चालताना लहानपणी आम्ही पाहिली. आता शहरात काचेची दुकाने झाली आहेत आणि हजारो रुपये मोजून पोरे-पोरी नावे, पिसे, सिंह गोंदून घेतात. आमच्या नात्यातल्याही एका पोराने दंडावर काही काढले आणि उन्हाळ्यातही लांब बाह्यांचा सदरा घालून हिंडतो आहे. त्याला आम्ही दोनच गोष्टी सांगितल्या. एक, धर्माचा हुकूम काय आहे ते तुला ठाऊक आहे. नानीला तो ठाऊक नव्हता, तुझे आणि तिचे सारखे नाही. दुसरी, सुई नवी आणि निर्जंतुक होती ना? कावीळ आणि एड्स दोन्ही दूषित सुईतून पसरू शकतात. तिसरी गोष्ट आम्ही मुद्दाम सांगितली नाही, ती म्हणजे आता हे काढ. तो काय वापरून काढेल याची आम्हाला धास्ती वाटते.

नव्याने गोंदून घ्या असे आमचे म्हणणे नाही. चाल संपली, तिला जबरदस्तीने जिवंत करण्यात अर्थ नाही. पण संपलेल्या चालीची लाज बाळगणे हा निराळा रोग आहे. या लाजेपायी आपण आपल्या आज्यांचे फोटो लपवले, त्यांच्या हातांवर पदर ओढला, मुलांना त्यांच्याबद्दल सांगितले नाही. मग बाहेरचा माणूस विचारतो, तुम्ही कुठले? तेव्हा उत्तर द्यायला आपल्याकडे गॅझेटियरमधल्या कारकुनाशिवाय कुणी साक्षीदार उरत नाही.

वाचकांना एकच विनंती आहे. आपल्या घरात, मोहल्ल्यात, माहेरी अजून एखादी गोंदलेली म्हातारी असेल. तिच्यापाशी बसा. नक्षी कागदावर उतरवून घ्या. कुणी गोंदले, कुठल्या अंगणात, काय गाणे म्हणत होती, कुठली नक्षी आपल्या घरात घेत नसत, हे विचारून तारखेसह लिहून ठेवा. आणि तिला भीती वाटत असेल तर इमाम नववींनी काय लिहिले आहे ते तिला सांगा. ते तिच्यापर्यंत पोचवणे हे आपल्यावरचे देणे आहे.

खाला २०११ साली गेली. मरणाच्या आदल्या वर्षी आम्ही तिला हे सगळे सांगितले. अस्मा बिंत उमैस यांची गोष्ट तिने दोनदा सांगायला लावली. पांढऱ्या पडलेल्या कोयरीवरून दुसऱ्या हाताचा अंगठा फिरवत ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पहले कोन बोल्या नइ रे बाबा." एवढेच. तिच्या गुसलला कोण कोण होते हे आम्हाला माहीत नाही. पण कुणी थबकले नाही, असे मावसबहीण सांगत होती.